मोर्चा संपल्यावरची समिती

महाराष्ट्रात समिती स्थापन करणं फार सोपं. धरण आलं, दर वाढले, दारूचं दुकान निघालं, की चार दिवसांत दहा संघटनांची नावं असलेलं पत्रक निघतं. निमंत्रक ठरतो, सुकाणू समिती ठरते, बॅनरवर नावांचा क्रम कसा लावायचा यावरून पहिली कुरबुर होते आणि मोर्चाही निघतो. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी, सहा महिन्यांनी, मागणी मान्य झाल्यावर किंवा फेटाळली गेल्यावर हीच माणसं एकत्र बसतात का? गेल्या सत्तर वर्षांत आपल्याकडे झालेले असे प्रयोग एका नजरेत घेतले तर एक गोष्ट ठळक दिसते. सगळ्यांची मतं जुळली म्हणून एखादी आघाडी टिकली, असं उदाहरण सापडणं कठीण. ज्या टिकल्या त्यांच्याकडे मिळून करायचं एखादं नेमाचं काम होतं, त्या कामाचा उघड हिशेब होता आणि सगळ्यात कमजोर घटकाला उठून बोलता येईल अशी जागा होती.

मोजपट्टी म्हणून संयुक्त महाराष्ट्र समितीकडे पाहावंच लागतं. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात, केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखालच्या सभेत ती जन्मली. त्याआधी शंकरराव देवांच्या नेतृत्वाखालची संयुक्त महाराष्ट्र परिषद होती, पण काँग्रेसनिष्ठा आणि मागणी यांच्या कात्रीत ती अडकली. समितीत मात्र प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि हिंदुत्ववादी पक्ष एका मांडवाखाली आले. एरवी ही मंडळी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. एस. एम. जोशींसारखा सरचिटणीस, अत्र्यांचा ‘मराठा’, अमर शेख आणि अण्णाभाऊंचे डफ या जमेच्या बाजू होत्याच. तरी समितीची खरी ताकद एका साध्या करारात होती. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ एवढंच एकत्र मागायचं, बाकी सगळ्यावर भांडायला मोकळीक. १९५७च्या निवडणुकीत एकमेकांच्या विरोधात उमेदवार न देण्याची शिस्त याच करारातून आली. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले ते याच वाऱ्यावर.

१ मे १९६० ला राज्य झालं आणि समितीचं कारण संपलं. सीमाभागाचा प्रश्न शिल्लक होता, पण तेवढ्यावर तो मांडव उभा राहिला नाही. १९६२ला काँग्रेसने विधानसभा सहज जिंकली. या विघटनाला अपयश म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. एका मागणीसाठी बांधलेली मोट मागणी पुरी झाल्यावर सुटणारच. ती सुटू नये म्हणून नवनवे प्रश्न तिच्या गळ्यात अडकवले जातात तेव्हा ती जास्त केविलवाणी दिसते. अशा किती तरी ‘कृती समित्या’ आजही लेटरहेडवर जिवंत आहेत.

महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती हेही याच जातीचं उदाहरण, पण तिच्यात एक वेगळी गोष्ट घडली. १९७२चा दुष्काळ, रेशनवर धान्य नाही, तेल-साखर बाजारातून गायब. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, भाकपच्या तारा रेड्डी अशा बायका एकत्र आल्या. लाटणं आणि थाळी ही त्यांची हत्यारं. यातली पक्षीय गणितं सोडवायला पुरुष नेत्यांना कितीतरी बैठका लागल्या असत्या. इथे प्रश्न संध्याकाळच्या चुलीचा असल्याने मध्यमवर्गीय गृहिणी आणि गिरणी कामगाराची बायको एकाच रांगेत उभ्या राहिल्या. १९७५ला आणीबाणी आली, नेत्या तुरुंगात किंवा भूमिगत झाल्या आणि समिती विखुरली. पण पुढच्या दशकात मुंबईत स्त्रियांच्या ज्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांत मोर्चाची सवय लागलेल्या बायका होत्याच. समिती मोडली तरी माणसं घडली, हा जमाखर्च आढावा घेताना सहसा कोणी मांडत नाही.

गोव्यात २००६-०७ साली असंच घडलं. प्रादेशिक आराखडा २०११ मध्ये डोंगर-शेतं बांधकामाला मोकळी केल्याचं लक्षात आलं तेव्हा गोवा बचाव अभियान उभं राहिलं. पर्यावरणवादी, वास्तुरचनाकार, चर्चशी संबंधित मंडळी आणि गावोगावचे लोक त्यात होते. जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. वर्ष संपता संपता विशेष आर्थिक क्षेत्रांवरूनही सरकारला माघार घ्यावी लागली. मात्र पुढच्या, २०२१च्या आराखड्याच्या वेळी गावागावांतून नकाशे तपासणं, सर्व्हे क्रमांक जुळवणं, हरकती लिहिणं असं कंटाळवाणं काम आलं. पणजीच्या आझाद मैदानावरची गर्दी या कामाला पुरत नाही. त्याला ग्रामसभेत तीन-तीन तास बसणारी माणसं लागतात, आणि ती गावागणिक कमी-जास्त निघाली.

‘नंतर’चा विचार आधीच करून बांधलेल्या एका समितीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे तिची आठवण फक्त दंगलीच्या वेळी निघते. भिवंडी हे यंत्रमागांचं शहर. विणकर बहुतांश मुस्लिम, त्यांत उत्तरेतून आलेले पुष्कळ. सुताचे आणि कापडाचे व्यापारी बरेचसे हिंदू. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. त्याची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. १९८४ला पुन्हा तेच, आणखी भीषण. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे तिथे आले. शहरात शांतता समिती होतीच, जशी प्रत्येक शहरात असते. सणाच्या आदल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात बोलावलेले माजी नगरसेवक, व्यापारी, मौलाना आणि मंडळाचे अध्यक्ष. चहा-बिस्किटं होतात, शांततेचं आवाहन होतं, फोटो निघतो. खोपड्यांनी वेगळी मांडणी केली. शहराची छोट्या मोहल्ल्यांत विभागणी केली आणि प्रत्येक मोहल्ल्यासाठी दोन्ही धर्मांच्या साध्या रहिवाशांची समिती केली. अनुभवी हवालदार-शिपायांनाच एकेक मोहल्ला वाटून दिला. गुन्हेगारी पार्श्वभूमीची माणसं आणि राजकारणातले मातब्बर यांना त्यात जागा नव्हती.

खरी गंमत या समित्यांच्या कामात होती. दंगल कशी टाळावी यावर तिथे व्याख्यानं होत नसत. गटार तुंबलंय, नळाला पाणी येत नाही, भाडेकरू-मालकाचं भांडण, नवरा-बायकोचं भांडण, भोंग्याचा आवाज यांवर बोलणं चाले. हवालदाराला सगळ्यांची नावं ठाऊक, सगळ्यांना हवालदार ठाऊक. त्यामुळे मिरवणुकीच्या वेळी अफवा उठली की ती खरी की खोटी हे विचारायला कोणाकडे जायचं ते माहीत असे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी नंतर यावर पुस्तकच लिहिलं, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्या हिंदू-मुस्लिम संघर्षावरच्या अभ्यासातही या प्रयोगाची दखल आहे. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा की शेजारी म्हणून दिलेला नमस्कार छोट्या गावात पुरतो, मोठ्या शहरात मात्र दोन्ही समाजांची माणसं एकाच संघटनेत काम करत असावी लागतात.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धवट राहील. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच, कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्यावरून तणाव वाढला. पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा जीव गेला आणि दोन पोलीस मारले गेले. यंत्रणेतला एक उत्साही अधिकारी समितीचा खांब असतो तेव्हा त्याच्या बदलीनंतर काय, हा प्रश्न समितीच्या रचनेतच राहून गेलेला असतो. सरकारी पुढाकाराने झालेल्या बहुतेक आघाड्या पुढे कागदोपत्री उरल्या त्या यामुळेच. पोलिसांची दक्षता समिती असो, शाळा व्यवस्थापन समिती असो की गावची पाणीपुरवठा समिती, नोंदवहीत बैठक असते, सह्या असतात, बैठक मात्र झालेली नसते. ग्रामसेवक वही घेऊन घरोघर फिरला की गणपूर्ती झाली.

पाण्याचं उदाहरण इथे फार शिकवतं, कारण पाण्यात खोट्या सह्या चालत नाहीत. पाटाच्या शेवटच्या शेतात पाणी पोहोचतं किंवा पोहोचत नाही.

पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली. पुण्यात कारखाना चालवणारा हा इंजिनिअर. त्याने ग्राम गौरव प्रतिष्ठानच्या माध्यमातून घालून दिलेले नियम आजही वाचताना अंगावर येतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी रोख भरायचा. पाणी सोडायला पाटकरी गटाने नेमायचा आणि कोणाला किती वेळ पाणी मिळालं हे सगळ्यांना कळलं पाहिजे. साळुंख्यांच्या सुज्ञपणाची आणखी एक खूण म्हणजे त्यांनी गावाला एकक मानलं नाही. गावात पार्ट्या असतात, जुनी वैरं असतात. एका योजनेवर तयार होणारा शेतकऱ्यांचा गट हे त्यांचं एकक. गाव एक झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही असं ज्यांनी ठरवलं त्यांची कामं बहुधा सुरूच झाली नाहीत.

या नियमांवर टीकाही झाली. ऊस नाही म्हटल्यावर शेजारचा बागायतदार हसणारच. जिथे जिथे योजना नंतर थंडावल्या तिथे पंपाचं वीजबिल, दुरुस्ती आणि बाजारभाव ही कारणं होती. समतेचा नियम उत्तम होता, पण त्या समतेला महिन्याचं वीजबिलही भरावं लागतं.

नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर याच्या पुढचा टप्पा दिसतो. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या बाजूला, म्हणजे कालव्याच्या शेपटीला, तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. सुरुवात शेपटीपासून झाली हे महत्त्वाचं. कालव्याच्या डोक्याशी असलेल्याला संघटनेची गरज वाटत नाही; त्याला तसंही पाणी मिळतं. शेपटीचा शेतकरी मात्र वर्षानुवर्षं पाणीपट्टीच्या नोटिसा घेत असतो आणि पाणी पाहत नसतो. त्याने संस्था केली, पाणी मोजून घ्यायला लागला, ओढ्यांवर बंधारे घालून विहिरी जिवंत केल्या. हे पाहून वरच्यांच्या संस्था झाल्या. अखेर चोवीस संस्थांनी मिळून प्रकल्पस्तरीय संस्था केली आणि सगळ्या लाभक्षेत्राच्या पाण्याचं वाटप शेतकऱ्यांच्या हाती आलं. २००५ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाच केला. त्यात संचालक मंडळावर डोकं, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांना सारख्या जागा आहेत. आघाडीत दुबळ्याला जागा द्यायची म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात पाहिलेलं नाही.

कायदा झाल्यावर संस्था धडाधड नोंदल्या गेल्या. बऱ्याच ठिकाणी आधी संस्था झाली, मग पाणी मोजायची व्यवस्था व्हायची होती. ती झालीच नाही. ओझरच्या लोकांनी आधी बरीच वर्षं घरोघर जाऊन जे बोलणं केलं होतं ते कायद्यात कसं लिहिणार?

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये जगभरातल्या कुरणं, मासेमारी, पाटबंधारे अशा सामायिक साधनांच्या व्यवस्थांवर जे लिहिलं, आणि ज्यासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातले मुद्दे नायगाव-वाघाडला चपखल बसतात. हक्क कोणाचा हे स्पष्ट असावं, देखरेख करणारा वापरणाऱ्यांना जबाबदार असावा, पहिल्या चुकीला हलका दंड असावा, भांडण तिथल्या तिथे सोडवायची सोय असावी, छोट्या संस्था मोठ्या संस्थेत गुंफलेल्या असाव्यात. आपल्याकडच्या आघाड्यांत या पाचांपैकी दंडाचा मुद्दा सगळ्यात जास्त टाळला जातो. सलग तीन बैठकांना न आलेल्या संघटनेचं नाव पत्रकावर तसंच छापत राहायचं, कारण काढलं तर वाईट दिसतं. मग पत्रकावर बावीस नावं आणि मोर्चात सहा संघटनांची माणसं.

दारूबंदीच्या चळवळीत कागदावरची नावं आणि हजर माणसं यांतली हीच तफावत उलट बाजूने दिसते. गावातलं वा प्रभागातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात मतदानाची सोय आहे. महिला मतदारांपैकी किमान पंचवीस टक्क्यांनी मागणी करायची, उत्पादन शुल्क खात्याने सह्यांची पडताळणी करायची, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद. इथे मेख आहे. निम्मी मतं हवीत ती नोंदलेल्या मतदारांच्या, आलेल्यांच्या नव्हे. मुंबईला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, ही सगळी मतं दुकानाच्या बाजूने मोजल्यासारखी होतात. सह्यांच्या पडताळणीतही तेच. यादीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, अंगठा कोणाचा ते कळत नाही, सही बाद. त्यामुळे या लढ्यात भाषणापेक्षा मतदारयादी घेऊन वस्तीवस्तीत फिरणाऱ्या चार बायका जास्त मोलाच्या ठरतात. बचत गट जिथे घट्ट होते तिथे हे जमलं, कारण कोण कुठे राहतं आणि कधी घरी असतं हे गटाच्या वहीतच होतं.

दुकान बंद झाल्यावर गावठी आणि चोरटी सुरू होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. पण ती राबवायला पुढे २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’सारखा स्वतंत्र कार्यक्रम घ्यावा लागला. शेजारच्या चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारने बायकांच्या पदयात्रा काढून २०१५ मध्ये बंदी मिळवली. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. दोन्ही जिल्ह्यांच्या तुलनेवर पुष्कळ वाद आहेत आणि बंदी चांगली की वाईट हा वेगळा लेख. इथे एवढंच नोंदवतो की सरकारकडून मिळवलेली गोष्ट सरकार परत घेऊ शकतं. गावाने स्वतः ठरवून चालवलेली गोष्ट परत घेणं त्या मानाने अवघड.

आघाडी फुटण्याबद्दलही मोकळेपणाने बोललं पाहिजे. नर्मदेच्या खोऱ्यात १९८०च्या दशकात तीन राज्यांत वेगवेगळे गट काम करत होते. गुजरात सरकारने १९८७च्या अखेरीस सुधारित पुनर्वसन धोरण जाहीर केलं तेव्हा तिथल्या आर्च-वाहिनी या संस्थेने ते स्वीकारून ते राबवून घेण्याचा मार्ग धरला. मेधा पाटकरांबरोबरचे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातले गट धरणविरोधाकडे वळले आणि नर्मदा बचाव आंदोलन आकाराला आलं. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर बरंच कडू लिहिलं. पण मूळ मतभेद प्रामाणिक होता. धरण होणारच असेल तर जास्तीत जास्त जमीन मिळवायची की धरणालाच नाही म्हणायचं? अशा प्रश्नावर एकत्र राहायचा आग्रह धरला तर कोणाला तरी खोटं बोलावं लागतं. वेगळं होण्याची रीत आधीच ठरलेली असती तर कडूपणा कमी झाला असता, एवढंच. समिती बांधताना घटस्फोटाची कलमं लिहायला मात्र सगळे बिचकतात.

पैसा हा विषय बैठकीत नेहमी ‘इतर विषय’ या सदरात येतो, आणि नेमका तोच समिती खातो. अनेक आघाड्या नोंदणी करत नाहीत. कारणही रास्त असतं. नोंदणी केली की कार्यकारिणी आली, निवडणूक आली, धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज आला, आणि विश्वस्तांत वाद झाला की तो अर्ज वर्षानुवर्षं पडून राहणं आलं. पण नोंदणी नाही म्हणजे बँकेत खातं नाही. मग पैसा एखाद्या सदस्य संस्थेच्या खात्यातून फिरतो आणि ती संस्था नकळत मालकीण बनते. निमंत्रक तिचा, कार्यालय तिचं, शेवटी भूमिकाही तिची. सप्टेंबर २०२० मध्ये परकीय देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. मोठ्या संस्थेने निधी आणायचा आणि तालुक्यातल्या छोट्या संघटनांना वाटायचा, या पद्धतीवर उभी असलेली जाळी त्यामुळे एका झटक्यात विसविशीत झाली. ज्यांचं काम सदस्यांच्या वर्गणीवर चालत होतं त्यांना फारसा धक्का बसला नाही.

सरकारी पैशाचा पेच आणखी वेगळा. जन आरोग्य अभियानाशी जोडलेल्या संस्थांनी २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू केली. गावपातळीवर लोकांनीच दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं, मग जनसुनावणीत वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर ते वाचायचं. औषधं बाहेरून आणायला लावली, प्रसूतीसाठी पैसे मागितले, अशा तक्रारी भर मांडवात येत आणि काहींचा निकाल तिथेच लागे. कार्यक्रम मात्र राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या निधीतून चाले. ज्याच्यावर देखरेख करायची त्याच्याकडूनच पैसा घ्यायचा, ही तारेवरची कसरत. तरी तिचा एक फायदा झाला. एरवी आंदोलक आणि आरोग्य अधिकारी एकमेकांना निवेदनापुरते भेटत. इथे त्यांना दर काही महिन्यांनी एकाच टेबलाशी बसणं भाग होतं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने आघाडीचा विचार गावाच्या आतून सुरू केला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तिथे बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि निर्णयाआधी अभ्यास गटात विषय चघळण्याची सवय रुजली. सर्वसहमती वेळखाऊ असते हे खरं. पण सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा ठेकेदाराशी बोलायला गावात एकच तोंड होतं. पुढे कोरची तालुक्यात अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. एकट्या ग्रामसभेला तेंदूपत्त्याचा भाव ठरवताना व्यापारी सहज गुंडाळतो, अनेक गावं मिळून लिलाव केला की त्याला जपून बोलावं लागतं. तिथे प्रत्येक गावातून पुरुषांबरोबर स्त्रियाही प्रतिनिधी म्हणून पाठवायच्या, असं ठरलं.

आणि या स्त्री-प्रतिनिधी तालुक्याच्या बैठकीला येणार कशा? कुठल्याही जिल्हा समन्वय समितीचं इतिवृत्त काढून पाहा. हजेरीत पहिली दहा नावं तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांची असतात. आतल्या गावातून येणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी बुडते, परतीची शेवटची एसटी चारला सुटते आणि बैठकीत तिचा विषय साडेतीनला निघतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा समितीच्याच हातात आहे: तिचा विषय सकाळी पहिला घ्यायचा, आणि बुडालेली मजुरी ‘चहापाणी’ या खर्चाच्या वर, वेगळ्या ओळीत लिहायची.